नगाला किती?

गेल्या दिवाळीत आत्या पेणहून आमच्याकडे पुण्याला राहायला आली होती. रात्री जेवणं झाल्यावर मी नेहमीप्रमाणे खोलीत टेबल-लॅम्प लावून बसलो होतो. समोर दहा प्लॅस्टिकचे शिपाई, साधारण साडेतीन सेंटीमीटर उंचीचे, औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांवर ब्लू-टॅकने चिकटवलेले. सगळ्यांच्या अंगावर हिरवं चिलखत. हातात शून्य नंबरचा ब्रश. आत्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"नगाला किती देतात रे?"

मला प्रश्नच कळला नाही. "कोण देतं?"

"अरे, हे रंगवायचे. एका नगाला किती?"

मी म्हणालो, आत्या, कोणी देत नाही. उलट हे मी विकत आणतो आणि रंगवतो. मग तिने किंमत विचारली. मी सांगितली, थोडी कमी करून. ती कमी केलेली ऐकूनही तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी माझ्या ॲप्रेझल मीटिंगमध्येही पाहिलेली नाही.

आत्याने पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यात वीसेक वर्षं रंगकाम केलंय. पगार नाही, नगावर पैसे. सोवळ्याचा काठ, बाजूबंद, मुकुटाचं सोनेरी, उंदराची शेपटी. त्यामुळे हातात ब्रश घेऊन एकसारख्या दहा मूर्ती समोर मांडून बसलेला माणूस दिसला की तिच्या डोक्यात पहिला प्रश्न तोच येणार. मला तो प्रश्न विनोदी वाटला, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलाही. नंतर मात्र तो डोक्यातून जाईना. कारण या छोट्या शिपायांचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो, तसतसं लक्षात आलं की विचित्र प्रश्न तिचा नाही. विचित्र माझं उत्तर आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'वॉरहॅमर फॉर्टी थाउजंड' हा टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी तो बनवते. १९८७ साली रिक प्रिस्टली या माणसाने लिहिलेल्या 'रोग ट्रेडर' नावाच्या जाडजूड पुस्तकातून तो सुरू झाला. काळ आजपासून अडतीसेक हजार वर्षं पुढचा, आणि त्या काळातले चिलखतधारी योद्धे म्हणजे स्पेस मरीन्स. त्यांच्या फौजा रंगावरून ओळखायच्या. निळे ते अल्ट्रामरीन्स, लाल ते ब्लड एंजल्स, गडद हिरवे ते डार्क एंजल्स. (सॅलमँडर्स नावाचेही हिरवे आहेत, पण त्यांचा हिरवा वेगळा, जास्त उजळ. दोन्हींत गल्लत केलीत तर खेळणारी मंडळी तुमच्याशी बोलायचं सोडतील.) शिपाई डब्यातून करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीत सुटे सुटे येतात. कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. नियम वाचून प्रत्यक्ष खेळणं हा यातला छोटा भाग. बहुतेकांचं आयुष्य रंगवण्यात जातं. माझंही. गेल्या तीन वर्षांत मी पाच डाव खेळलोय आणि साठ-सत्तर शिपाई रंगवलेत.

हिरवं चिलखत रंगवायचं कसं, तर ऐकायला सोपं आहे. आधी काळा प्रायमर. त्यावर कॅलिबन ग्रीन नावाचा गडद हिरवा, पाणी घालून पातळ केलेला, दोन हात. मग खाचांमधून गडद वॉश सोडायचा, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांत सावली बसते. मग वॉर्पस्टोन ग्लो हा उजळ हिरवा घेऊन चिलखताच्या प्रत्येक कडेवर केसाएवढी रेघ. आणि शेवटी कोपऱ्यांच्या टोकांवर मूट ग्रीनचा, जवळजवळ पोपटी, नुसता ठिपका.

या कडेच्या रेघा सगळ्यात जास्त वेळ खातात आणि खऱ्या जगात त्या अस्तित्वातच नसतात. खऱ्या चिलखतावर उजेड आपोआप पडतो. पण वस्तू एवढी लहान केली की खोलीतला उजेड तिच्यावरून नुसता पसरून जातो. गुडघ्याची वाटी आणि मांडीचा पत्रा एकच दिसायला लागतात. म्हणून उजेडही रंगवावा लागतो. आत्याला हे समजवायला गेलो तर ती म्हणाली, "मग आम्ही गणपतीच्या पोटावर गन मारतो ते काय?" बरोबर आहे. पेणच्या कारखान्यात कंप्रेसर आणि स्प्रे-गन घेऊन मूर्तीच्या अंगाला जी छटा देतात, खाली गडद नि वर उजळ, तेच तंत्र आमच्या छंदात 'झेनिथल' अशा भारदस्त नावाने शिकवतात. त्याचे पैसे देऊन केलेले कोर्सही आहेत. मी एक केलाय. हे आत्याला सांगितलेलं नाही.

हिरव्याची खास अडचण अशी की तो उजळवायला पांढरा घातला तर चिलखत पेपरमिंटच्या गोळीसारखं दिसतं. पिवळा घालावा लागतो. गडद करायला काळा घातला तर शेवाळ. त्यापेक्षा किंचित लाल किंवा गडद निळा बरा. आणि चूक झाली की ती हिरव्यात लगेच दिसते, कारण भर उजेडात माणसाचा डोळा सगळ्यात जास्त संवेदनशील असतो तोच मुळी हिरव्याला, साधारण ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. आमच्या धंद्यात हे जुनं ज्ञान आहे. सोळा बिटमध्ये एक रंग साठवायचा तर लालला पाच बिट, निळ्याला पाच आणि हिरव्याला सहा. उरलेला एक बिट द्यायचा कुणाला हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. तुमच्या हातातल्या फोनच्या कॅमेऱ्याचंही तेच. कोडॅकमधल्या ब्राइस बायरने १९७६ साली पेटंट घेतलेल्या मांडणीत दर चार पिक्सेलांपैकी दोन हिरवे असतात. बहुतेक कॅमेरे आजही तिच्यावरच चालतात. थोडक्यात, लाल फौजेत खपून जाणारी हाताची थरथर हिरव्या फौजेत खपत नाही.

आता गंमत. हे डार्क एंजल्स मुळात हिरवे नव्हतेच. काळे होते.

१९८७ नंतरची पहिली काही वर्षं त्यांचं चिलखत काळं असायचं. नावच 'काळोखे देवदूत'. ते नावही उसनं. लायनेल जॉन्सन नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कवीची 'द डार्क एंजल' नावाची कविता आहे, आणि खेळातल्या या फौजेच्या आद्यपुरुषाचं नाव लायन एल'जॉन्सन. नॉटिंगहॅमच्या पोरांचा हा विनोद आमच्यासारख्यांना कळायला विकिपीडिया यावा लागला. १९९० साली विल्यम किंग आणि ब्रायन ॲन्सेल यांची 'डेथविंग' नावाची कथा आली. त्यात या फौजेचे काही योद्धे आपल्या मूळ गावी परततात, गाव शत्रूने आतून पोखरलेलं आढळतं, आणि मरायला तयार होऊन ते आपलं काळं चिलखत पांढरं रंगवतात. या सगळ्या साहित्यात मला आवडलेला हा सगळ्यात चांगला प्रसंग. युद्धापेक्षा रंगवणं महत्त्वाचं असलेली युद्धकथा. त्या कथेमुळे आजही डार्क एंजल्सची पहिली कंपनी हाडाच्या रंगाची असते.

आणि मग १९९०च्या दशकात बाकीची फौज हिरवी झाली. १९९६च्या 'एंजल्स ऑफ डेथ' या पुस्तकापर्यंत तर गडद हिरवा इतका पक्का झाला होता की रंगाच्या डबीचंच नाव 'डार्क एंजल्स ग्रीन' होतं. काळा उरला तो फक्त त्यांच्या रेव्हनविंग या मोटारसायकलवाल्या तुकडीकडे. मग प्रश्न आला की आधीच्या काळ्याचं काय करायचं? तर तो इतिहासात ढकलला. दहा हजार वर्षांपूर्वी मोठं यादवी युद्ध झालं, तोवर ते काळं चिलखत घालत. नंतर हिरवं घालू लागले. कथेत याची सांगड त्यांच्या नष्ट झालेल्या कॅलिबन या ग्रहाशी आणि तिथल्या घनदाट जंगलांशी घातली जाते. म्हणजे खऱ्या जगात जे पाचसहा वर्षांत बदललं, त्याला कथेत दहा हजार वर्षांचं दुःख चिकटलं. आता त्या यादवीच्या काळावर वेगळा खेळ आहे, त्यासाठी काळे डार्क एंजल्स पुन्हा विकले जातात, आणि गडी लोक दोन्ही घेतात.

का बदलला असेल? माझा आपला अंदाज. काळं चिलखत मासिकात छापलं की काळा डाग दिसतो. नव्वदच्या दशकात हा धंदा 'व्हाइट ड्वार्फ' या मासिकातल्या रंगीत फोटोंवर चालायचा. त्यात बारा-तेरा वर्षांच्या पोराला काळ्यावर करड्या रेघा मारून चिलखत उठवायला सांगणं म्हणजे त्याला खेळातून पळवून लावणं. हिरवा दिसतो, विकला जातो, जमतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज हेच करतो. आधी कोड बदलतो, मग डॉक्युमेंटमध्ये असं लिहितो की जणू हे पहिल्यापासून असंच ठरलं होतं.

२०१२ साली कंपनीने सगळ्या डब्यांची नावं बदलली. डार्क एंजल्स ग्रीनचं कॅलिबन ग्रीन झालं, स्नॉट ग्रीनचं, म्हणजे शेंबडी हिरव्याचं, वॉर्पस्टोन ग्लो, स्कॉर्पियन ग्रीनचं मूट ग्रीन. जुनी मंडळी अजून जुन्याच नावांनी बोलतात, जसे आपल्याकडे लोक मुंबईच्या स्टेशनांबद्दल बोलतात.

पण आत्याचा प्रश्न हा नव्हता. तिचा प्रश्न, हे रंगवतं कोण आणि त्याला मिळतं काय.

खेळण्यातल्या शिपायांचा मोठा धंदा सुरू झाला जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिल्पर्ट घराण्याने आणि १८३९पासून एर्न्स्ट हाइनरिखसेनने कथलाचे सपाट शिपाई ओतून विकले. कागदासारखे पातळ, उंची साधारण तीस मिलिमीटर. ती उंची पुढे न्यूरेंबर्गचं माप म्हणून रूढ झाली, आणि आजच्या आमच्या शिपायांची उंची तिच्याच आसपास घोटाळते. लाकडाच्या पातळ डब्यांतून ते वजनावर विकले जायचे. आणि रंगवले जायचे घरोघरी. बायका आणि मुलं. ओतलेले शिपाई घरी न्यायचे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगवायचे, परत आणून द्यायचे, नगाप्रमाणे पैसे घ्यायचे. एक जण सगळ्या फौजेचे कोट करतो, दुसरा चेहरे, तिसरा घोडे. आम्ही याला आज 'बॅच पेंटिंग' म्हणतो आणि त्यावर तासभराचे व्हिडिओ बघतो.

१८९३ साली लंडनमध्ये विल्यम ब्रिटन ज्युनियरने पोकळ शिपाई ओतायची युक्ती काढली. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, बाहेरचा थर थिजला की आतलं परत ओतून काढायचं. धातू वाचला, शिपाई स्वस्त झाला, जर्मन माल मागे पडला. ब्रिटन्सच्या शिपायांची एक ओळख म्हणजे पायाखालची हिरवी रंगवलेली बैठक, जणू प्रत्येक जण आपापला हिरवळीचा तुकडा सोबत घेऊन फिरतोय. (नव्वदच्या दशकात गेम्स वर्कशॉपचेही सगळे शिपाई, रणांगण बर्फाचं असो की वाळवंटाचं, गॉब्लिन ग्रीनच्या झगझगीत हिरव्या बैठकीवर उभे असत.) ब्रिटन्सचं रंगकामही प्रामुख्याने बायकांच्या हातचं, काही कारखान्यात, काही घरी. १९१३ साली एच. जी. वेल्सने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून अशा शिपायांशी जमिनीवर खेळायचे नियम घालून दिले आणि हा छंद प्रतिष्ठित केला. पुस्तकाच्या उपशीर्षकात त्याने हुशार मुलींनाही खेळायला बोलावलंय. त्या शिपायांना रंग दिलेल्या मुलींना मात्र कुणी बोलावलं असेल असं वाटत नाही.

मग ते काम आमच्या टेबलावर कसं आलं? खेळणाऱ्यांना डझनाने नाही, शेकड्याने शिपाई लागायला लागले तेव्हा. इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोनचं 'वॉर गेम्स' १९६२ साली आलं आणि एक पिढी त्यावर वाढली. एवढे शिपाई रंगवून विकत घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून ते बिनरंगाचे विकले जाऊ लागले. खर्चाचा मोठा भाग मजुरीचा होता, तो बिलातून काढला आणि ते काम गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकलं. गिऱ्हाइकाला ते इतकं आवडलं की पुढे कंपन्यांनी त्याला ब्रश विकले, रंग विकले, रंग ठेवायचे स्टँड विकले. माझ्या कपाटात सध्या बावन्न डब्या आहेत, त्यातल्या चौदा हिरव्या.

मजुरीचं काम पूर्ण गेलं असंही नाही. आजही स्वतः न रंगवणारे लोक फौजा रंगवून घेतात, आणि युरोप-अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी हे काम करणारी वर्कशॉप्स श्रीलंकेत आहेत. आत्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर देणारं कुणीतरी तिथे आज बसलेलं असेल.

दुसऱ्या रात्री आत्या पुन्हा आली, यावेळी खुर्ची घेऊन. मी कडेच्या रेघा मारत होतो. ब्रशचं टोक फुटलं म्हणून सवयीने ते ओठात धरलं, टोक काढलं, आणि तिने माझ्या हातावर फाटकन चापट मारली.

"तोंडात नाही घालायचा ब्रश!"

मी सांगितलं, हे ॲक्रिलिक आहे, बिनविषारी, डबीवर लिहिलंय. ती म्हणाली, "डबीवर काय वाट्टेल ते लिहितात." आणि अंगठ्याच्या नखावर ब्रश फिरवून सुईसारखं टोक काढून दाखवलं.

ब्रश चाटणं ही आमच्या छंदातली जगभर पसरलेली वाईट सवय आहे, त्यावर मीम्स आहेत. मीही हसायचो. मग हिरव्या रंगाबद्दल वाचलं.

१७७५ साली कार्ल शीले या स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक, म्हणजे सोमल, एकत्र करून एक झकास हिरवा बनवला. १८१४ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमध्ये त्याहून चमकदार भाऊ निघाला, तोही आर्सेनिकचाच. त्याआधी चांगला, टिकणारा, स्वस्त हिरवा मिळणं कठीण होतं. आता तो भिंतीच्या कागदावर गेला, कपड्यांवर, मिठाईवर, खेळण्यांवर गेला. लंडनमध्ये मटिल्डा शोरर नावाची मुलगी टोप्यांवर लावायची कृत्रिम फुलं बनवायची. तिचं काम पानांवर हिरवी भुकटी शिंपडायचं. २० नोव्हेंबर १८६१ रोजी ती मेली. वय एकोणीस. मरण्याआधी तिला हिरव्या उलट्या झाल्या, डोळ्यांचा पांढरा भाग हिरवा झाला, आणि तिने डॉक्टरांना सांगितलं की तिला बघेल ते हिरवं दिसतंय. वर्तमानपत्रांत गाजलं, चौकशी झाली, डॉक्टरांनी लिहिलं. आणि तो रंग पुढेही कितीतरी वर्षं विकला गेला. त्याचं एक नाव पॅरिस ग्रीन. बटाट्यावरची कीड मारायलाही तोच वापरत.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची, कारण तीत ब्रश आहे. १९१७पासून न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात घड्याळाच्या तबकड्यांवरचे आकडे रंगवायला मुली ठेवल्या होत्या. रंगात रेडियम. अंधारात तो हिरवट चमकायचा. आकडे इतके बारीक की ब्रशला सतत टोक हवं, आणि टोक काढायची त्यांना शिकवलेली पद्धत म्हणजे ओठ. पैसे तबकडीमागे, साधारण दीड सेंट, आणि दिवसाला अडीचशेच्या आसपास तबकड्या. नगावर काम असलं की ब्रश पाण्यात बुडवून फडक्याला पुसायचा वेळ कोण काढणार? मुलींचे दात पडले, जबडे सडले. ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघींनी कंपनीवर खटला भरला. आधी वकील मिळायलाच दोन वर्षं गेली. १९२८ साली तडजोड झाली. त्यांना रंग बिनविषारी असल्याचं सांगितलेलं होतं.

हे वाचल्यावर मी माझा ब्रश खाली ठेवला नाही, खोटं कशाला सांगू. पण तोंडाकडे जाताना हात आता थांबतो.

मग आजचा हिरवा कुठून येतो? त्याचा जन्म अपघाताने. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंगकारखान्यात एक पांढरं रसायन बनत होतं. भांड्याच्या आतलं काचेचं अस्तर तडकलं, लोखंड उघडं पडलं, आणि आत निळसर गाळ दिसायला लागला. कुणीतरी तो फेकून न देता तपासला. त्यातून थॅलोसायनाइन नावाचं कुटुंब हाती लागलं. १९३५ साली तांब्याचं थॅलो निळं बाजारात आलं, आणि त्या रेणूच्या कडेला क्लोरीनचे चौदा-पंधरा अणू बसवले की तोच निळा हिरवा होतो, हे पुढच्या काही वर्षांत व्यापारात उतरलं. पिगमेंट ग्रीन ७. उन्हात उडत नाही, आम्लात विरघळत नाही, आणि आर्सेनिक नाही. छपाईची शाई, प्लॅस्टिकच्या बादल्या, गाड्यांचे रंग, चित्रकारांच्या ट्यूबा, सगळीकडे हा आहे. शिपाई रंगवायच्या डबीवर कॅलिबनचं नाव असतं, पिगमेंटचा नंबर नसतो.

आणि इथे मला हसू आलं. कारण थॅलो हिरवा बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या ठिकाणांपैकी एक आत्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. पुण्याची सुदर्शन केमिकल ही १९५१ साली स्थापन झालेली कंपनी पिगमेंट्स बनवते, आणि तिचे कारखाने रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत आणि महाडला आहेत. २०२५ साली तिने जर्मनीतल्या ह्यूबाख या दोनशे वर्षांहून जुन्या रंगकंपनीचा पिगमेंटचा धंदा विकत घेतला. ज्या देशातून हा शिपाई रंगवायचा उद्योग निघाला, जिथे आर्सेनिकचा चमकदार हिरवा शिजला, तिथला रंगधंदा रोह्याच्या मालकांकडे आला. मी हे आत्याला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "धाटावला आपल्या शेजारणीचा मुलगा आहे कामाला. बनियन धुतलं तरी बादली हिरवी होते म्हणाली होती त्याची आई."

तिसऱ्या रात्री तिने विचारलं, "एक करू का?"

मी तिला सगळ्यात साधा शिपाई दिला आणि कडेची रेघ कशी मारायची ते सांगायला लागलो. ब्रशचं टोक नाही, पोट वापरायचं, कडेवरून आडवं ओढायचं, रंग फार पातळ नको. तिने ऐकून घेतलं. झाकण डाव्या हातात धरलं, करंगळी करंगळीला टेकवली, श्वास सोडला आणि खांद्याच्या पत्र्याच्या गोल कडेवरून एकाच ओढीत रेघ मारली. रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक. मी हे तीन वर्षं शिकतोय.

"तुला कारखान्यात असंच काम होतं ना?"

"काठ नि दागिने. आखणी नाही."

आखणी म्हणजे डोळे. गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते कारखान्यातला मुख्य कारागीर करणार. तो आला की बाकीचे हात थांबत. आत्याचा हात तिथे सगळ्यात स्थिर होता असं कारखान्याचा मालकच सांगायचा, घरी चहाला आला की. पण वीस वर्षांत आखणीला तिला बसवलं नाही. का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तो रेट वेगळा होता." एवढंच. मग थोड्या वेळाने, "आणि बाईमाणसाला कोण देतंय." यावर मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार होतो, पण ती पुढच्या शिपायाचा खांदा करत होती.

साडेअकरापर्यंत दहाच्या दहा शिपायांच्या कडा झाल्या. त्यातल्या तीन माझ्या, आणि त्या ओळखू येतात. आता राहिले होते फक्त शिरस्त्राणाचे डोळे. हिरव्या चिलखताला डोळे लाल करतात, कारण हिरव्यासमोर लाल पेटतो. आकार तिळाहून लहान. आधी गडद लाल, मग खालच्या कोपऱ्यात उजळ लाल, मग वरच्या कोपऱ्यात पांढऱ्याचा ठिपका. मी साधारणपणे एका शिपायाच्या डोळ्यांना पंधरा मिनिटं घेतो आणि त्यातली दहा चूक पुसण्यात जातात.

आत्याने लॅम्प जवळ ओढला, चष्मा कपाळावर सरकवला.

"ती लाल डबी दे इकडे. आणि हलू नको, टेबल हलतं."

मी हललो नाही. ती डावा डोळा सगळ्यांचा करत गेली, मग परत पहिल्यापासून उजवा. मधे एकदाच नखावर ब्रश फिरवला. शेवटचा पांढरा ठिपका दिल्यावर तिने झाकणं बोटाने ढकलत एकेक शिपाई मोजला.

"दहा," ती म्हणाली. "लिहून ठेव."